यंदा उभं कोण राहणार?

मंडळी, तुमच्या अभ्यास मंडळाने मला दिलेला विषय आहे, विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीत कोण उभं राहील याचा अंदाज कसा बांधायचा. इथे येण्याआधी हा प्रश्न मी दोन-चार मुलांना विचारून पाहिला. नावं पटापट आली. जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ती सगळी ‘निवडून कोण येईल’ याचं उत्तर देत होती.

निवडून कोण येणार हे मतदार ठरवतात. उभं राहायचं की नाही, हे मात्र एकेका मुलाने किंवा मुलीने स्वतःशी ठरवायचं असतं, आणि त्यात घरचे, मित्र, संघटना, हजेरीपट असे सगळेच आपापला हात घालतात. राज्यशास्त्राने याकडे बराच काळ दुर्लक्ष केलं. उमेदवार आहेतच असं धरून चालायचं आणि मतदारांचं काय ते बघायचं. ऑस्बोर्न आणि स्लिव्हिन्स्की यांनी १९९६ मध्ये, बेस्ली आणि कोट यांनी १९९७ मध्ये ‘नागरिक-उमेदवार’ नावाची मांडणी केली, तिथून चित्र पालटलं. कोणीही उभं राहू शकतं, पण उभं राहायला खर्च आहे. मग कोण राहील? त्यांच्या मांडणीतला मला आवडणारा भाग असा, की आपल्या मनासारखं काम करणारा दुसरा कोणी उभा असेल तर माणूस घरी बसतो. अगदी नकोसा माणूस निवडून येतोय असं दिसलं, तर हाच घरी बसणारा पदरमोड करून उभा राहतो. म्हणून नावं सुटी सुटी मोजू नका. एक नाव पक्कं झालं की आणखी दोन गळतात आणि एखादं नव्याने उगवतं.

पण हे पुढचं. आधी नियमावली उघडा. अंदाज बांधणारे हीच पायरी सर्रास गाळतात.

केरळ विद्यापीठाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावरून केंद्राने २००५ च्या डिसेंबरात माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची, विद्यार्थी निवडणुका कशा घ्यायच्या हे सुचवणारी समिती नेमली. अहवाल २००६ च्या मे महिन्यात आला आणि २२ सप्टेंबर २००६ ला न्यायालयाने त्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. त्या डोळ्यांसमोर ठेवून तुमच्या यादीकडे पाहा. पदवीच्या मुलाचं वय १७ ते २२ च्या दरम्यान हवं, पदव्युत्तरसाठी मर्यादा २४-२५, संशोधन करणाऱ्यांसाठी २८. हजेरी ७५ टक्के, किंवा विद्यापीठाने ठरवलेली, यांतली जास्त असेल ती. त्या वर्षी विषय राहिलेला नको. फौजदारी खटला नको, महाविद्यालयाने शिस्तभंगाची कारवाई केलेली नको. आणि विद्यार्थी पूर्णवेळ हवा.

आता गंमत बघा. आपण ज्याला ‘लीडर’ म्हणतो, तो वर्गात कमी आणि कट्ट्यावर जास्त असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या दालनाबाहेर घोषणा देणाऱ्याचा एखादा विषय राहिलेला असायची शक्यताही मोठी. म्हणजे चर्चेतली निम्मी नावं हजेरीपट आणि गुणपत्रक या दोन कागदांवरच कापली जातात. ही दोन्ही खासगी कागदपत्रं आहेत. ती मिळवायच्या फंदात पडू नका. गरजही नाही. ज्याला खरंच उभं राहायचंय तो मागच्या सत्रात एकाएकी पहिल्या बाकावर दिसायला लागतो, हजेरी घेऊन झाल्यावर ‘मॅडम, माझी लागली ना?’ म्हणून टेबलापाशी जाऊन खात्री करून घेतो. कुणाचं वागणं असं बदललंय, हे वर्गातल्या कुणालाही दिसतं.

आणखी एक कलम फार लोकांच्या ध्यानात नसतं. पदाधिकाऱ्याच्या पदासाठी आयुष्यात एकदाच उभं राहता येतं. कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा. एकदा म्हणजे एकदा, जिंकलात तरी आणि पडलात तरी. गेल्या वर्षी थोडक्यात पडलेला यंदा पुन्हा येणार, असं जो तो छातीठोकपणे सांगतो. नियम पाळले जात असतील तर तो येऊच शकत नाही. त्याने मागे ठेवलेली मतं मात्र तिथेच असतात. ती कुणाकडे जाणार, त्याचा उजवा हात कोण होता, फलक कोण रंगवत होतं, तिकडे बघा.

वेळापत्रकाचंही तसंच. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. दहा दिवसांत अनोळखी माणूस ओळखीचा होत नाही. त्यामुळे उमेदवार ठरतो तो उन्हाळ्यातच, प्रवेशाच्या गर्दीत. पहिल्या वर्षाची मुलं तेव्हा भांबावलेली असतात. त्यांच्याकडे मत आहे, पण कुणाशी ओळख नाही. खिडकीपाशी उभं राहून ‘उत्पन्नाचा दाखला आणलायस का? मग आधी झेरॉक्स काढ, रांग मी धरतो’ असं म्हणणारा मुलगा किंवा मुलगी टिपून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला की मुलं ज्याचा नंबर फिरवतात, तोही टिपा. यातली काही निव्वळ भली असतात, त्यांना काहीच नको असतं. ती ओळखायची एक खूण आहे. भला माणूस काम झालं की विसरतो. इच्छुक माणूस नंबर घेतो, ग्रुपमध्ये टाकतो आणि आठवड्याने विचारतो, ‘झालं का रे तुझं?’

खर्चाची मर्यादा समितीने एका उमेदवाराला ५,००० रुपये ठेवली, छापील भित्तिपत्रकांना बंदी, हाताने केलेली तेवढी चालतील. त्यामुळे जुलैत ज्याच्याभोवती चांगल्या अक्षराची आणि चित्रकलेची पोरं अचानक गोळा होतात, त्याच्यावर लक्ष ठेवावं. वाढदिवसाचे शुभेच्छा फलकही बघत जा. विशीतल्या पोराचा वाढदिवस चौकात लागतो, खाली ‘समस्त मित्रपरिवार’ असतो आणि वर कोपऱ्यात एखाद्या दादांचा फोटो असतो, तेव्हा त्यातलं काय ते तुम्हाला कळतंच.

अर्थात नियम आहेत म्हणून ते पाळले जातातच असं नाही. दिल्ली विद्यापीठात तर नावाच्या आधी इंग्रजीतला ‘ए’ दोन-तीनदा जोडून घ्यायची पद्धत पडली, मतपत्रिकेवर अक्षरानुसार पहिला क्रमांक यावा म्हणून. तुमच्या कामाची गोष्ट ही, की ओळखपत्रावर साधं नाव असलेला मुलगा फलकावर असं नाव मिरवायला लागला, तर अर्ज भरण्याआधीच त्याने आपला इरादा जाहीर केलेला असतो. तिथेच २०२४ मध्ये भिंती आणि रस्ते विद्रूप केल्याबद्दल उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखली. सप्टेंबरात झालेल्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरात लागला.

जिथे संघटना पॅनेल उभं करतात तिथे हिशेब निराळा. तिथे व्यक्तीचा अंदाज बांधू नका, पॅनेलचा बांधा. दिल्लीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव अशी चार पदं. अध्यक्षपदाला एका गटाचा माणूस दिला की उरलेल्या तीन जागांत दुसऱ्या गटाला, वसतिगृहाला, मुलींना, एखाद्या मोठ्या महाविद्यालयाला सामावून घ्यावं लागतं. एक नाव पक्कं कळलं तर बाकीची कुठून येतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. संघटनेतल्या सगळ्यांत लायक मुलाचं नाव त्यात का नाही, याचं उत्तरही बहुधा तिथेच सापडतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, नियमांनी उमेदवाराचा साचाच बदलून टाकला होता. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायची पद्धत आणली. वर्गात पहिला आला तो सी.आर. झाला, त्याची इच्छा असो वा नसो. अशा ठिकाणी अंदाज बांधायला निकालपत्र पुरे. चुरस उरली ती या नेमलेल्या मुलांमधून सचिव कोण होतो एवढ्यापुरती. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली, मतदान मात्र रखडत राहिलं. पण इतकी वर्षं मत मागायची सवयच नसलेल्या महाविद्यालयात आजही शिक्षक ‘हुशार कोण’ असं विचारून उमेदवार शोधतात. हुशार मुलाला मुलाखती असतात, प्रवेश परीक्षा असतात. तो बहुतेक वेळा नाहीच म्हणतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता जी उभी राहत नाहीत त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण अंदाज सगळ्यांत जास्त इथे फसतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या क्रिस्टिन कांथक आणि जोनाथन वून यांचा एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गटासाठी काम करणारा एक प्रतिनिधी हवा होता. इच्छुकांमधून चिठ्ठी टाकून तो निवडायचा असं सांगितलं, तेव्हा मुलगे आणि मुली सारख्याच प्रमाणात पुढे आले. काम तेच, मोबदला तोच, फक्त ‘निवडणूक होईल’ असं म्हटल्याबरोबर मुलींचं प्रमाण घटलं. म्हणजे त्यांना काम नको होतं असं नाही, निवडणूक नको होती. प्रचार बिनखर्चाचा आणि पूर्ण खरा असेल अशी हमी दिली, तेव्हाच हा फरक मावळला.

आपल्या महाविद्यालयात याचा अर्थ काय? स्नेहसंमेलनाचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत लावणारी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शंभर जणांचं जेवण वेळेवर काढणारी मुलगी तुमच्या यादीत सगळ्यांत वर असते. काम बघितलं तर ती तिथे असायलाच हवी. पण तिचं नाव लिहिण्याआधी एक विचारा, तिला कुणी स्वतःहून ‘तू उभी राहा’ म्हटलंय का? जेनिफर लॉलेस आणि रिचर्ड फॉक्स यांनी अमेरिकेत केलेल्या पाहण्यांतही हेच दिसलं, की सारख्याच पात्रतेच्या स्त्रियांना ‘उभ्या राहा’ असं कमी वेळा सुचवलं जातं आणि स्वतःला पात्र समजण्यातही त्या मागे राहतात. मुलगा बऱ्याचदा कुणी न विचारताही उभा राहतो. म्हणून मुलींच्या बाबतीत कोण काम करतं यापेक्षा कोणाला विचारलं गेलंय याची माहिती जास्त उपयोगाची. तुमच्यापैकी कोणी अशा मुलीला आज जाऊन विचारलंत, तर तुमचाच अंदाज तुम्ही बदलून टाकाल. तसं झालं तर माझी काहीच तक्रार नाही.

यावरून एक धोका. संभाव्य उमेदवारांची यादी करून फळ्यावर लावू नका. यादीत नाव आलं म्हणून एखादा हरभऱ्याच्या झाडावर चढतो, नाव आलं नाही म्हणून एखादा ईर्ष्येने अर्ज भरतो, आणि एखादीला घरून फोन येतो की हे धंदे बंद कर. अंदाज पाकिटात घालून बंद करा, निकालानंतर उघडा.

आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पाकीट फोडायची घाई नको. त्या दिवशीची यादी फुगलेली असते. छाननीत मुख्य अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून भरलेले पर्यायी अर्ज त्यात असतात. समोरच्याची मतं खायला किंवा नुसता भाव वाढवून घ्यायला भरलेलेही असतात. अशा वेळी सूचक आणि अनुमोदक कोण आहेत ते वाचा. दोन वेगळ्या अर्जांवर एकाच टोळक्यातल्या पोरांच्या सह्या दिसल्या, तर त्यातला एक अर्ज माघारीची मुदत संपायच्या आत परत जाणार, असं खुशाल लिहून ठेवा.