पुरळ उठण्याआधी तोंडात बघा

श्रोतेहो, नमस्कार. मूल तापाने फणफणलंय, नाक वाहतंय, कोरडा खोकला आहे, डोळे लाल झालेत. साधी सर्दी म्हणून आपण थांबतो. थांबू नका. गालाच्या आत बघा.

ही नजर डॉक्टरांना दिली हेन्री कॉपलिक यांनी. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ. त्या काळी गोवर ओळखायचा तो अंगावर पुरळ उठल्यावर. पण गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासूनच पसरत असतो. म्हणजे निदान होईपर्यंत भावंडं एकाच अंथरुणात झोपलेली, शेजारची मुलं खेळून गेलेली! कॉपलिक तापलेल्या मुलांच्या तोंडात बघत राहिले. दाढांसमोर, गालाच्या आतल्या बाजूला, लाल ठिपक्यांवर बारीकसे निळसर-पांढरे कण. असे कण दिसले की एक-दोन दिवसांत गोवर उठायचाच. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आता पुरळाची वाट न बघता मुलाला वेगळं ठेवता येऊ लागलं. गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९५४ साली. कॉपलिक यांच्याकडे होते फक्त डोळे आणि उजेड. मला या माणसाबद्दल अपार आदर वाटतो.

उजेडावरून सांगते. पिवळ्या दिव्याखाली हे कण हरवतात. हल्ली पुरळाचा फोटो रात्री खोलीतच काढून डॉक्टरांना पाठवतात. माझं स्पष्ट मत आहे, फोटोवर विसंबू नये, मूल दाखवावं. मात्र गोवराची शंका असेल तर आधी फोन करा, भरलेल्या दवाखान्यात तसंच नेऊन बसवू नका.

आणि कण दिसले नाहीत म्हणजे गोवर नाही, असं नव्हे. पुरळ पसरलं की ते मावळतात.

आता पुरळ. गोवर कानामागून, कपाळावरून सुरू होतो आणि खाली उतरतो. पुन्हा सांगते, वरून खाली. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, आणि एकाच वेळी कुठे लाल पुटकुळी, कुठे भरलेला फोड, कुठे खपली. गालगुंडात कानाखाली सूज येते, कानाची पाळी वर उचललेली दिसते. घशात राखाडी पडदा दिसला तर तो घटसर्प असू शकतो; खरवडू नका, लगेच रुग्णालय गाठा.

सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघा.

शेवटी, तापात लाल-जांभळे डाग उठले, तर काचेचा स्वच्छ पेला त्यांवर दाबून धरा. डाग काचेतूनही तसेच दिसले, फिके पडले नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. मूल सुस्त असेल, मान ताठ असेल, तर पेलासुद्धा शोधत बसू नका. तडक रुग्णालयात न्या.