‘अलीकडील बदल’ कोण वाचणार?

आपल्या सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच पानं बदलता येतात अशी साइट, टाकायला किती वेळ लागतो, असं मघाशी कुणीतरी विचारलं. विकी चालवणारी तयार सॉफ्टवेअर्स असतात. त्यातलं डोकुविकी असेल तर फार तर तासभर. त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फायलींत राहतात, फोल्डर कॉपी केलं की झाला बॅकअप. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीला पीएचपी ही भाषा आणि डेटाबेस हवा, तरी काम एका दुपारचंच. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर तर नुसती सेटिंगमध्ये खूण करायची.

म्हणून मी उलट विचारतो, कुणी काय बदललं ते दाखवणारं ‘अलीकडील बदल’ हे पान रोज कोण वाचणार? नाव सांगा. ‘आपण सगळेच’ हे नाव नव्हे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून त्यांना नाव सुचलं. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. कुणीही यावं, बदलून जावं. आम्हीही एका प्रकल्पात याच भाबडेपणाने दारं सताड उघडी ठेवली, तीही शनिवारी. सोमवारी पाहतो तर गोळ्या-औषधांच्या जाहिरातींची रांग, आणि प्रत्येक पान वेगळ्या खात्यावरून! पुढचे कित्येक दिवस आम्ही लिहिलं काहीच नाही, नुसतं पुसत बसलो. मग मीडियाविकीचं कन्फर्मएडिट एक्स्टेंशन लावलं, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारी जोडणी. त्यात स्वतःचा प्रश्न घालता येतो. ‘दोन अधिक तीन किती’ विचारू नका, ते बॉटलाही, म्हणजे जाहिराती टाकणाऱ्या प्रोग्रॅमलाही, येतं. आपल्या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायलीचं नाव विचारा. ते वापरणारा माणूस चुटकीसरशी सांगतो.

विकीवरचा मजकूर इतरांनी कुठल्या अटींवर वापरायचा, ते लायसन्सचं पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदलणं सोपं नसतं. विकिपीडियाने २००९ मध्ये जीएफडीएल या लायसन्सवरून क्रिएटिव्ह कॉमन्स या दुसऱ्या लायसन्सकडे जायचं ठरवलं, तेव्हा आधी जीएफडीएलचीच नवी आवृत्ती निघावी लागली होती. तुमच्यासाठी कोण काढणार?

आता विकीवर काय ठेवायचं? कमांडचे पर्याय, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने आपला कोड कसा वापरायचा ते) हे सगळं कोडबरोबर रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, राहू द्या, म्हणजे कोड बदलला की त्याच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) मजकूरही बदलतो. विकी आहे तो डेव्हलपरला ठाऊक नसलेल्या गोष्टींसाठी: अमुक वायफाय कार्डावर काय अडतं, जुन्या आवृत्तीतून येताना काय मोडतं. आर्च या लिनक्स प्रणालीचा आर्चविकी बघा, आर्च कधी न वापरलेली माणसंही तिथे उत्तरं शोधायला जातात. आणि कृपा करून ‘लवकरच येत आहे’ एवढंच लिहिलेली पानं बनवू नका. पान नसलं की मीडियाविकीत दुवा लाल दिसतो, आणि तो लाल दुवा बघूनच एखाद्याला लिहावंसं वाटतं. रिकामं पान टाकलंत की दुवा निळा होतो, वाचणारा फसतो, लिहिणारा निघून जातो.

आमच्या डोकुविकीवर एका नव्या मुलीने पहिला बदल केला, तो एका रेघेचा. इन्स्टॉलेशनच्या पानावर एका कमांडच्या पर्यायापुढे दोन छोट्या रेघा होत्या. डोकुविकी साध्या मजकुरात अशा दोन रेघांची एक लांब रेघ करून दाखवतो. दिसायला सुबक, पण कॉपी करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाकली की कमांड एरर देणार. तिने ती ओळ उचलून कोड ब्लॉकमध्ये, म्हणजे मजकूर जसाच्या तसा दिसतो त्या चौकटीत, ठेवली, बस. ते पान आम्हीच लिहिलं होतं, पण त्यावरून आमच्यापैकी कुणी कधी काही कॉपीच केलं नव्हतं.