आधी तिवरं, मग बांध

धरमतरच्या खाडीला भरती लागलीय. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे हा मातीचा बांध, याला इथे बाहेरकाठा म्हणतात. नीट बघा, शेत उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे बांध गेला की खारं पाणी थेट आत, आणि ती जमीन परत भाताला यायची तर मीठ धुऊन जायला काही पावसाळे जातात.

पेण-अलिबागकडची ही खारजमीन लोकांनी खाडीला बांध घालून मिळवलेली. पूर्वी डागडुजी गावच करायचं, सगळे मिळून चिखल काढायचे, त्याला जोळ म्हणायचे. मग खारजमिनींसाठी १९४८ चा कायदा आला, १९७९ चा आला, काम सरकारी खात्याकडे गेलं आणि हळूहळू जोळ मोडली.

आता बांध फुटतो कसा? सगळ्यांना वाटतं मोठी लाट येते नि फोडते. पण त्याआधी बरंच काही झालेलं असतं, चिंबोऱ्या बिळं पाडतात, उंदीर पाडतात, त्यातनं पाणी झिरपतं, खाडीतनं बार्ज गेले की त्यांच्या लाटा पायथा खातात, आणि मग एखाद्या अमावस्येच्या उधाणाला, त्यात वारा समुद्राकडून असला तर, पडली खांड, म्हणजे बांधाला भगदाड!

म्हणून बांधापुढे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, पायजेत. त्यांची मुळं चिखल धरून ठेवतात, आणि दाट कांदळवनाचा १०० मीटरचा पट्टा लाटेची उंची साधारण १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतो, असं वेगवेगळ्या देशांतल्या मोजमापांत दिसलंय. पण वादळात नुसत्या लाटा येत नाहीत ना, अख्खी समुद्राची पातळीच चढते, आणि ती कांदळवनातनं एक किलोमीटर आत आली तरी ५ ते ५० सेंटिमीटरच उतरते. एवढं रुंद जंगल आपल्या खाड्यांच्या काठाला कुठंय? तर पाणी अडवायचं काम बांधाचं, आणि बांधाला लाटांपासून वाचवायचं काम झाडांचं.

गंमत म्हणजे हीच तिवरं बांधाच्या आत आली की डोकेदुखी. खांड वेळेत बुजवली नाही तर पाण्याबरोबर बिया आत येतात, काही वर्षांत शेतात जंगल उभं राहतं, आणि २००५ पासून हायकोर्टाच्या आदेशामुळे कांदळवन तोडता येत नाही. सातबारा शेतकऱ्याचा, शेतात तिवरं. तो वैतागला तर त्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवू नका प्लीज.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकलं तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, मागच्या नारळ-सुपारीच्या बागाही गेल्या. त्यानंतर परत सुरू लावायची घाई कशाला? वाळूवर केवडा, मर्यादवेल हे आपलं आपण वाढतं, वाळू धरतं, त्याला जागा सोडा, आणि तिथे दगड ओतायच्या आधी शेजारच्या गावाला विचारा, कारण दगडी बंधारा जिथे संपतो तिथून पुढे बऱ्याचदा धूप वाढते.

आणि ही उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार. भरतीला हिची झडप पाण्याच्या दाबानेच बंद होते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. मोटर नाही, वीज नाही. फक्त झडप कुजली, की पावसाच्या आधी बदलावी लागते, आणि ती कोणी बदलायची यावरच सगळं अडून राहतं.