मासे सगळ्यात शेवटी

(दृश्य: सकाळची वेळ. हॉलमधलं रिकामं टेबल, त्यावर थर्माकोलची शीट.)

हे आमच्या हॉलमधलं टेबल. पुण्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, खिडकी पूर्वेला, आणि टेबल मुद्दाम आतल्या भिंतीला लावलंय कारण काचेवर थेट ऊन यायला लागलं की थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार होतं आणि मग आत काय आहे तेच दिसत नाही. जानेवारी महिना आहे. आज इथे माशांची टाकी येणार.

मी आठवीत असताना घरी काचेचा एक गोल बाऊल आला होता, त्यात दोन गोल्डफिश. दुकानदाराने सांगितलेलं की पाणी रोज बदलायचं, म्हणून मी शाळेत जायच्या आधी रोज सगळं पाणी ओतून द्यायचे आणि नळाखाली बाऊल भरायचे, अगदी मनापासून. पाचव्या दिवशी एक गेला, सातव्या दिवशी दुसरा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं, आणि गोल्डफिश हा हातभर टाकीतसुद्धा न मावणारा, अर्ध्या फुटाच्याही पुढे वाढणारा मासा आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. ते दोन मासे मी अजून विसरले नाहीये. म्हणून यावेळी आधी पाणी, माती, झाडं, आणि मासे सगळ्यात शेवटी.

(दृश्य: टाकी टेबलवर ठेवताना.)

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काच पाच एमएम. काठोकाठ भरली तर ५५ लिटर, पण माती-खडी जाऊन प्रत्यक्ष पाणी ४२-४३ लिटरच बसतं. पाणी, खडी, माती, काच सगळं मिळून वजन ६५ किलोच्या आसपास जातं, म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा टेबलवर बसवल्यासारखं, तेव्हा टेबल डुगडुगणारं नको. खाली थर्माकोल यासाठी की टेबलाचा पृष्ठभाग कधीच शंभर टक्के सपाट नसतो आणि मधे बारीक खडा जरी राहिला तरी तळाची काच तिथून तडकते.

मोठा फिल्टर नाही, सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, महागडी इम्पोर्टेड माती नाही. याला लो-टेक म्हणतात, आणि मातीवर उभी राहणारी ही पद्धत डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंच्या नावाने जगभर ओळखली जाते. त्यांचा मूळ विचार साधा आहे, झाडं चांगली वाढली तर पाणी तीच साफ ठेवतात.

(दृश्य: गच्चीत, वर्तमानपत्रावर पसरलेली माती. चाळणी.)

माती. इथे जरा थांबूया, कारण सगळा खेळ इथेच आहे.

आई गेली तीस वर्षं गच्चीत कुंड्या लावते, तिला मातीतलं माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, शेणखत नाही घालणार? नुसत्या मातीत काय येणार?" कुंडीसाठी ते अगदी बरोबर आहे. पण कुंडीत मातीला हवा मिळते, टाकीत माती पाण्याखाली बंद होते, आणि तिथे शेणखत, गांडूळखत किंवा युरिया घातलेली नर्सरीची तयार माती सडायला लागली की पाण्यात अमोनिया इतका सुटतो की काहीच टिकत नाही. म्हणून आपण घेतला साधा पोयटा आणि त्यात दोन-तीन मुठी लाल माती, लोहासाठी. शेतातली काळी माती नको, ती चिकण असते, फुगते, आणि एकदा का पाण्यात उठली की बसायचं नाव घेत नाही.

ही माती आधी चाळली, काड्या, मुळं, खडे बाजूला काढले. मग बादलीत पाणी घालून ढवळायची, वर तरंगेल ते ओतून द्यायचं, असं चार दिवस चार वेळा. मग पसरून वाळवायची. चौथ्या दिवशी आईने मूठभर माती हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली "आता पहिल्या पावसासारखा वास येतोय." तोच वास हवा असतो. आंबूस किंवा अंड्यासारखा वास आला तर ती माती टाकीत जाऊ द्यायची नाही.

टाकीत मातीचा थर एक इंच, जास्त नाही. त्याच्यावर दोन-तीन एमएमची बारीक खडी, सव्वा इंच, साधारण आठ किलो, तीसुद्धा धुण्याचं पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली. खडी म्हणजे मातीवरचं झाकण. फार जाड झालं तर खालची माती गुदमरते, पातळ झालं तर माती वर येते.

(दृश्य: काचेवर बशी, बशीवर मगाने सावकाश पडणारं पाणी.)

पाणी महापालिकेचं, बादल्यांमध्ये रात्रभर उघडं ठेवलेलं. क्लोरीन असं उडून जातं, आणि घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात, ते लगेच क्लोरीन मारतात. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते नुसतं ठेवून जात नाही, तेव्हा आपल्याकडे काय येतं ते पाणीखात्यात विचारून घ्या. भरताना खाली बशी ठेवायची आणि धार बशीवर सोडायची म्हणजे माती उठत नाही. अर्धा तास लागला, लागू दे.

(दृश्य: चिमट्याने झाडं लावताना.)

आता झाडं, आणि पहिल्याच दिवशी भरपूर. चार काड्या लावून बघू काय होतंय ते, असं केलं की शेवाळ जिंकतं. तळाचा निम्म्यापेक्षा जास्त भाग झाडांनी झाकला गेला पाहिजे. मागे व्हॅलिसनेरिया, लांब रिबिनीसारखी पानं. बाजूला हायग्रोफिला. मधे क्रिप्टोकोरीन, ज्याची एक जात, स्पायरालिस, आपल्या कोकणातसुद्धा ओढ्याकाठी उगवते. एका लाकडाला जावा फर्न दोऱ्याने बांधलंय, त्याचं आडवं खोड मातीत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं, आणि ही चूक खूप जण करतात. वर तरंगायला थोडं साल्व्हिनिया.

व्हॅलिसनेरिया का, तर आपण सीओटू देत नाहीये. झाडाला कार्बन लागतो, आणि टाकीच्या पाण्यात विरघळलेला सीओटू अगदी थोडा असतो. बरीच झाडं तेवढ्यावरच अडतात. पण व्हॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन ओढून घेऊ शकते, म्हणजे ज्या जड पाण्याने आपल्या बादल्यांवर पांढरे डाग पडतात तेच पाणी तिला चालतं. दख्खनच्या बोअरवेलच्या पाण्यासाठी इतकं सोयीचं झाड दुसरं नाही. आणि तरंगणारी झाडं तर सीओटू सरळ हवेतूनच घेतात, म्हणून ती सगळ्यात भराभर वाढतात.

लाइट दोन फुटी, १० वॅटची एलईडी बॅटन, ६५०० केल्विन, म्हणजे पांढऱ्या उजेडाची, साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली. टायमरवर सकाळी चार तास, मग दुपारी चार तास बंद, मग परत संध्याकाळी चार तास. त्या दुपारच्या सुट्टीत मातीतून आणि हवेतून सीओटू परत भरून येतो.

(दृश्य: दिवस ११. गढूळ पाणी, वितळलेली पानं.)

अकरावा दिवस. क्रिप्टोकोरीनची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळायला लागलीयेत. बघवत नाही, पण हे होणारच असतं. नर्सरीत ही झाडं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती जुनी पानं टाकतात आणि पाण्याखालची नवी पानं काढतात. मूळ उपटायचं नाही, फक्त कुजलेलं पान कात्रीने कापायचं.

खडीतून मधेच मोठे बुडबुडे येतात, मातीत कोंडलेला वायू. विणकामाची सुई घेऊन दोन दिवसाआड हळूच टोचायचं, बस.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ बसली, डायटम नावाचं बारीक शेवाळ, ती बोटाने पुसली जाते. मग हायग्रोफिलावर केसांसारखं हिरवं शेवाळ. ते टूथब्रशला गुंडाळून काढलं आणि लाइट संध्याकाळचा एक तास कमी केला. औषध काही घातलं नाही.

(दृश्य: टेस्ट किट. नळीतला रंग बदलतोय.)

या सगळ्यात न दिसणारं काम वेगळंच चाललेलं असतं. सडणाऱ्या पानांतून आणि मातीतून अमोनिया सुटतो, तो माशांना विष. एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, खडीला, काचेला, पानांना चिकटून राहतात, आणि फार सावकाश वाढतात. त्यात जानेवारीत आमचं पाणी २०-२१ डिग्री, म्हणजे अजूनच सावकाश. पण झाडांना हे सगळं व्हायची वाटच बघायची नसते, ती अमोनिया थेट खातात, नायट्रेटपेक्षा त्यांना तोच जास्त आवडतो. म्हणूनच भरपूर झाडं हवीत, तीच आपला फिल्टर.

आमच्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला सहा आठवडे लागले. सहा आठवडे घरी येणारा प्रत्येक जण विचारत होता, मासे कुठायत. मी म्हणायचे, यायचेत. त्या दिवसांत न बोलावलेल्या बारीक गोगलगायी मात्र झाडांबरोबर आल्या होत्या, त्या काढू नका, सडलेलं खातात, आणि त्या एकदम वाढल्या तर समजायचं की आपण टाकीत खाणं जास्त टाकतोय.

(दृश्य: रस्त्याकडेचं देशी बदामाचं झाड, लाल झालेली पानं.)

फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या देशी बदामाची पानं लाल होऊन गळतात. सुकून आपोआप पडलेली दोन पानं धुऊन टाकीत सोडली. पाण्याला फिका चहासारखा रंग येतो, टॅनिन उतरतं, माशांना ते मानवतं. दुकानात हीच पानं पाकिटात विकत मिळतात.

(दृश्य: पिशवी पाण्यावर तरंगतेय.)

आणि मग मासे. तीन हनी गुरामी, एक नर दोन माद्या. आपल्याच उपखंडातला मासा, ईशान्य भारत आणि बांगलादेशातला, फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये याची नोंद केलेली. जेमतेम दोन इंचाचा, शांत, आणि वर येऊन हवेतला ऑक्सिजन घेऊ शकणारा. पिशवी २० मिनिटं तशीच तरंगत ठेवली, मग तासभर पेल्याने थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, मग जाळीने मासे आत. पिशवीतलं पाणी बाहेरच.

नर पहिले दोन दिवस पानांमागे लपून होता. तिसऱ्या दिवशी बाहेर आला तेव्हा त्याचा गळा गडद निळा आणि अंग मधासारखं झालं होतं, आणि पुढच्या दोन लांब, दोऱ्यासारख्या परांनी तो एकेक पान चाचपून बघत होता. मी आणि आई जेवायचं विसरून बसलो होतो.

(दृश्य: एप्रिल. पहाटे साडेपाच.)

एप्रिलमध्ये पाणी ३१ डिग्रीवर गेलं. २५ डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर मावतो, ३० ला साडेसातच. आणि रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतात, देत नाहीत, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. एके पहाटे तिन्ही मासे सारखे वर येताना दिसले. गुरामी आहेत म्हणून निभावलं, दुसरे असते तर गेले असते. त्या दिवसापासून रात्री एक छोटा एअर पंप लावते, वरचं साल्व्हिनिया निम्मं काढलं, आणि दुपारी टाकीवर टेबलफॅन. त्याच महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी बोअरचं, जड, ते एकदम ओतायचं नाही, चार-पाच लिटरच बदलायचं, तेही बघून.

आणि काढलेलं साल्व्हिनिया आईच्या कुंड्यांत खत म्हणून गेलं. नाल्यात नाही, नदीत नाही, तळ्यात तर नाहीच. मुळा-मुठेवर जी जलपर्णी पसरलेली आपण दर उन्हाळ्यात बघतो ती दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच आली होती. सकर फिश तिथलाच, लोकांनी टाकीत मावेना म्हणून सोडला आणि आता भारतातल्या कितीतरी पाण्यांत तो कायमचा राहायला आलाय. मासा नको झाला तर दुकानात परत द्या, ओळखीत द्या, पण कृपा करून सोडू नका.

(दृश्य: जून. पाण्याच्या पृष्ठभागाचा क्लोजअप.)

जून. व्हॅलिसनेरियाने खडीखालून धावती खोडं काढून मागची सगळी भिंत भरलीये, सहा रोपांची तीस-पस्तीस झालीत. आणि गेल्या आठवड्यात तिच्या बुडातून दोऱ्यासारखा एक देठ निघाला, वळणं घेत घेत थेट पाण्याच्या वर आला, आणि टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं फूल. या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात. नराची फुलं खाली बुडाशी सुटतात, बारीक कणांसारखी वर येऊन तरंगत तरंगत मादीच्या फुलापर्यंत जातात. फळ धरलं की तो देठ स्प्रिंगसारखा आवळतो आणि फळाला परत खाली ओढून नेतो.

आम्ही आणलेली सहाही रोपं एकाच मूळ रोपापासून पसरलेली असणार, म्हणजे सगळ्या माद्याच. आई रोज सकाळी चहा घेऊन टाकीशी बसते आणि ते फूल अजून आहे का बघते. काल म्हणाली, "अगं, त्या दुकानदाराला विचार ना, नर असलेलं रोप मिळेल का."

(दृश्य: फूल पाण्यावर. खालून एक गुरामी येतो, त्याच्या दोऱ्याने देठाला हात लावतो, आणि निघून जातो.)