कार्बन ब्रशपायी भंगारात

(दृश्य : नागपूरचा मेडिकल चौक, सकाळची वेळ. ऑटो, रुग्णवाहिका, गाठोडी सांभाळत चाललेली माणसं.)

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा. शिवाय मध्य प्रदेशातून छिंदवाडा, बालाघाट, सिवनी. एवढ्या मोठ्या मुलखातले रुग्ण उपचारासाठी नागपूर गाठतात. गावाजवळच्या दवाखान्यातलं मशीन बंद पडलं, की साध्या तपासणीसाठीही एसटीचं तिकीट काढावं लागतं. मशीन बंद आहे, एवढंच त्यांना सांगितलं जातं. का बंद आहे, हे कुणी बघितलेलं असतंच असं नाही.

(दृश्य : कार्यशाळेतलं टेबल. उघडलेलं सेंट्रिफ्यूज.)

शहरातल्या या छोट्या कार्यशाळेत सध्या एक सेंट्रिफ्यूज उघडून ठेवलंय. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र. तक्रार अशी, की सुरू होतं पण वेग घेत नाही. कारागीर मोटरच्या दोन्ही बाजूंची टोपणं काढतो आणि आतून कार्बनचे ब्रश बाहेर येतात. झिजून पार बुटके झालेले, स्प्रिंग जेमतेम टेकलेली. हे ब्रश झिजणारच. स्कूटरचे ब्रेक-शू बदलतो तसे तेही अधूनमधून बदलायचे असतात. ते राहून गेलं आणि मशीनवर ‘कंडम’ची चिठ्ठी लागली.

नवे ब्रश बसतात, काजळी पुसली जाते, मोटर फिरते. आता खरं काम सुरू होतं. रोटरवर, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या भागावर, चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवून टॅकोमीटरने फेऱ्या मोजायच्या. डायल 3,000 दाखवतोय आणि प्रत्यक्षात फेऱ्या 2,400 पडताहेत, असं मशीन दुरुस्त झालं म्हणता येत नाही; सीरम नीट सुटणार नाही आणि रिपोर्टवर भरवसा उरणार नाही. मग रोटर भिंगाखाली धरायचा. बारीकशी जरी भेग दिसली तरी तो बाद, कारण भर वेगात फुटलेला रोटर झाकण फोडून बाहेर येऊ शकतो. झाकणाचं लॉक लागत नसेल, तर मशीन दाराबाहेर जात नाही. जुनं यंत्र वापरा म्हणताना ही शिस्त सोडली, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाचं भिंग, अगदी जवळून.)

सूक्ष्मदर्शकाचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात दमट खोलीत, पेटीत बंद करून ठेवला की भिंगावर बुरशी धरते. जाळं कोवळं असताना लेन्स पेपरने हलक्या हाताने निघतं. जुनं झालं की काचेवरचा लेपच खाऊन टाकतं. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवायची आणि तिचा रंग बदलला की ती बदलायची, एवढं केलं तरी भिंगं वर्षानुवर्षं टिकतात.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवायला नागपूरकरांनी किती धावाधाव केली, ते शहर विसरलेलं नाही. त्या यंत्राच्या पोटात झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि 90 टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतात. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं, की हेच दाणे दमट हवा शोषतात आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. आवाज तोच, पाण्याच्या बाटलीतले फुगेही तेच, म्हणून फसगत होते. ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावल्याशिवाय खरं कळत नाही. कोपऱ्यात पडलेला कॉन्सन्ट्रेटर अधूनमधून चालवायला हवा. दाणे गेलेच असतील तर तेवढा भाग बदलावा, सगळं यंत्र नव्हे.

केंद्र सरकारच्या देखभाल कार्यक्रमासाठी सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत 13 ते 34 टक्के यंत्रं बंद सापडली. या प्रत्येक यंत्रावर जनतेचा पैसा खर्च झालेला आहे.

(दृश्य : गंजलेल्या यंत्रांचा ढीग.)

सगळंच वाचवायचं, असंही नाही. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेलं गामा किरणांचं यंत्र लिलावात काढलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं आणि आतल्या किरणोत्सारी कोबाल्ट-60 ने एका कामगाराचा जीव घेतला. किरणोत्सारी स्रोत असलेलं यंत्र सरळ कबाड्याच्या हाती कधीच जाता कामा नये. पाऱ्याचं बीपी मशीनही फोडायचं नाही. वैद्यकीय उपकरणं आता ई-कचऱ्याच्या नियमांत आली आहेत. खरोखर संपलेलं यंत्र नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेलं पाहिजे.

पण संपलंय हे ठरवणार कोण? निर्लेखनाच्या, म्हणजे यंत्र बाद ठरवण्याच्या, फाइलवर सह्या भराभर होतात. त्याआधी तंत्रज्ञाने यंत्र उघडून कारण लिहिलं पाहिजे, आणि चालू सुटे भाग दुसऱ्या यंत्रासाठी काढून ठेवले पाहिजेत. कारागिराची अडचण मात्र वेगळीच आहे. त्याला सर्व्हिस मॅन्युअल मिळत नाही, काही यंत्रं कंपनीच्या पासवर्डशिवाय उघडत नाहीत. जुलै 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारं, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली. वैद्यकीय यंत्रांचा त्यात समावेश नव्हता. तरी खरेदी करणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे : निविदेतच सर्व्हिस मॅन्युअल, सुट्या भागांची ठरावीक वर्षांची हमी आणि इथल्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण मागायचं. पैसे चुकते होण्याआधी कंपनी या तिन्ही गोष्टी देते. नंतर दारात उभं राहावं लागतं.