गाऱ्हाणे सर्वांचे, पाऊल थोड्यांचे

श्रोतेहो, नमस्कार.

अल्पसंख्य वांशिक समाजातले तरुण मोर्चात, संपात किंवा बहिष्कारात उतरले, की त्याचे कारण लोक एका शब्दात सांगून मोकळे होतात: राग. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण अपमान सोसलेले तरुण हजारोंनी असतात आणि त्यांतले फार थोडे घराबाहेर पडतात. रागाच्या जोडीला या थोड्यांपाशी आणखी काय असते, याचा आज विचार करू.

आधी रागाविषयीच थोडे बोलायला हवे. माणूस स्वतःची तुलना कोणाशी करतो, यावर त्याचे समाधान अवलंबून असते. परदेशात जाऊन स्थायिक झालेली पहिली पिढी मागे राहिलेल्या गावाशी तुलना करते आणि जे मिळाले ते पुष्कळ मानते. तिची मुले मात्र नव्या देशातच वाढतात, वर्गातल्या इतर मुलांबरोबर तीच पुस्तके वाचतात, कायद्यापुढे सर्व समान असल्याचे शिकतात, आणि त्यामुळे आडनाव किंवा कातडीचा रंग पाहून कोणी त्यांना मागे सारले, तर ती गोष्ट त्यांना आईवडिलांपेक्षा कितीतरी अधिक बोचते. नेदरलँड्समधील संशोधनात असे दिसून आले, की अधिक शिकलेल्या स्थलांतरित नागरिकांनाच भेदभाव अधिक जाणवतो. शिकले-सवरले की तक्रार आपोआप मिटेल, असे मानणाऱ्या राज्यकर्त्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

तरीही ‘माझ्यावर अन्याय झाला’ आणि ‘आमच्यावर अन्याय होतो’ या दोन जाणिवांत मोठे अंतर आहे. पहिली जाणीव माणसाला नोकरी बदलायला किंवा गाव सोडायला लावते. सामूहिक कृती दुसरीतून जन्मते. लंडनच्या साउथॉल भागात जून १९७६ मध्ये गुरदीप सिंग चग्गर या तरुण विद्यार्थ्याची वंशद्वेषातून हत्या झाली, तेव्हा तिथल्या आशियाई तरुणांना ते एका कुटुंबाचे दुःख वाटले नाही. आज तो होता, उद्या आपल्यापैकी कोणीही असेल, हे त्यांनी ओळखले, आणि वडीलधाऱ्यांच्या जुन्या संघटनांचा सबुरीचा मार्ग बाजूला ठेवून ‘साउथॉल यूथ मूव्हमेंट’ ही स्वतःची संघटना उभी केली.

पण आपण उतरल्याने काही घडेल, असा भरवसाही लागतो. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये एक अडचणीचा प्रश्न मांडला होता: लढ्याचे फळ न लढणाऱ्यालाही मिळणारच असेल, तर शहाण्या माणसाने झीज का सोसावी? अल्पसंख्य तरुणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. संख्या मुळात कमी, पोलिसांच्या नोंदवहीत नाव गेले तर पुढची नोकरी धोक्यात, आणि कागदपत्रे अपुरी असतील तर सगळ्या कुटुंबाच्याच वास्तव्यावर संकट. असा तरुण घरी बसला म्हणून त्याला उदासीन ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याने हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब पुष्कळदा बरोबरही असतो.

हा हिशेब बदलतो तो बहुधा ओळखीच्या माणसांमुळे. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथे पहिल्या वर्षाचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार-कट्ट्यावर जाऊन बसले. हे चौघे मित्र होते, वसतिगृहाच्या खोलीत या विषयावर त्यांचे वारंवार बोलणे झाले होते, आणि अशा बोलण्यानंतर माघार घेणे म्हणजे मित्रांसमोर खोटे पडणे होते. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आठवडा संपेपर्यंत शेकडो जमले, आणि जुलैअखेर त्या दुकानाला आपला नियम मोडीत काढावा लागला. तोवर इतर अनेक शहरांत असेच सत्याग्रह सुरू झाले होते. यश दिसले, की भरवसा किती वेगाने पसरतो पाहा.

समाजशास्त्रज्ञ डग मॅकॅडम यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या कामासाठी अर्ज केलेल्या तरुणांची कागदपत्रे तपासली. प्रत्यक्ष गेलेले आणि आयत्या वेळी गळालेले यांच्या विचारांत विशेष फरक नव्हता. फरक होता तो असा, की गेलेल्यांच्या ओळखीचे इतर कोणी जाणार होते आणि संघटनांशी त्यांचा आधीपासून संबंध होता. हे अर्जदार बहुतांशी गोरे होते, त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. परंतु ज्यांना धोका अधिक, त्यांना ओळखीच्या सोबतीची गरज कमी असेल, असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

अशा सहभागातून काय मिळते, हे फ्रान्सच्या उदाहरणात चांगले दिसते. ल्योंजवळच्या एका वसाहतीत पोलिसाच्या गोळीने जखमी झालेला तुमी जाइजा आणि त्याचे सोबती यांनी समतेसाठी पदयात्रा काढण्याचे ठरवले. १५ ऑक्टोबर १९८३ रोजी मार्सेयहून मूठभर लोक निघाले. ३ डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यांच्या स्वागताला लाखाच्या घरात माणसे होती. राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी प्रतिनिधींना भेट दिली आणि परदेशी रहिवाशांना वास्तव्य व कामासाठी दहा वर्षांचा परवाना देण्याचे मान्य केले. त्याचा लाभ चालणाऱ्यांपैकी अनेकांच्या आईवडिलांना झाला, ज्यांनी स्वतः असे काही मागण्याचे धाडस क्वचितच केले असते. वंशद्वेषी हल्ल्यांना आणि पोलिसी हिंसेला आळा बसावा ही तरुणांची स्वतःची मागणी मात्र तेवढ्याने पुरी झाली नाही, आणि पुढच्याच वर्षी दुसरी यात्रा निघाली. तिला गर्दी कमी होती, नेतृत्वात मतभेदही होते. पण मागण्या कशा मांडायच्या आणि माणसे कशी जमवायची, हे जाणणारी एक पिढी तोवर तयार झाली होती.