फोन आला तर

नमस्कार श्रोतेहो. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर, देणाऱ्या दात्यांचे आभार मानण्यासाठी पाळतात. मला मात्र या दिवशी रक्ताच्या कॅन्सरची ती मुलं आठवतात, ज्यांच्यासाठी दाता शोधावा लागला.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणारी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आईबरोबर महिनोन् महिने काढणारी आपली कोल्हापूरकडची पोरं. तोंडाला मास्क, केस गेलेले, बाहेरचं खाणं बंद. आणि हट्ट कशाचा, तर कोल्हापूरच्या भेळेचा! कागलकडचा एक जण तर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचाच संघ भारी म्हणून सलाईन लावलेल्या हातानं वॉर्डातल्या मामांशी वाद घालायचा.

रक्ताच्या कॅन्सरच्या प्रत्येक मुलाला मज्जेचं प्रत्यारोपण लागत नाही, हे आधी सांगतो, कारण नाव ऐकूनच आईबाप खचतात. लहानपणी जास्त करून आढळतो तो लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आणि त्यातली बरीच मुलं दोन-तीन वर्षांच्या केमोनं बरी होतात. आजार उलटला किंवा मुळातच चिवट निघाला, की मग दुसऱ्याच्या मूळपेशींचा, म्हणजे मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशींचा, विचार होतो. भारतात असं यशस्वी प्रत्यारोपण पहिल्यांदा टाटातच झालं, 1983 साली, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, मज्जा दिली तिच्या भावानं.

पण सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील बहुधा निम्मेच जुळतात. अशा निम्म्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण करतात; पूर्वी मात्र भाऊबहीण जुळले नाहीत की परक्या दात्यावरच भिस्त. इथं रक्तगट जुळला नाही तरी चालतं, एचएलए, म्हणजे पेशींवरची आईबापांकडून आलेली ओळखखूण, जुळावं लागतं, आणि ते बहुधा आपल्याच मुलखातल्या माणसाशी जुळतं. जगभरच्या दात्यांच्या नोंदींत चार कोटींवर नावं आहेत, पण त्यांत आपली फार थोडी.

एका मुलीला दाता मिळाला होता. निरोप आला तशी आईनं अंबाबाईची ओटी भरली. पुढं दात्याच्या घरच्यांनी नको म्हटलं. मुलगी राहिली नाही. त्या दात्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. नोंदणी शिबिराच्या गर्दीत तपासणीसाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून दिला, सही केली. पुढं काय असतं ते त्याला कुणी नीट सांगितलं होतं का?

आमच्या पेठेतल्या एका आजींनीही मला सुनावलं होतं, "मणक्यात सुई घालत्यात म्हणं. पोरगं लुळं पडलं म्हंजे?" आजी, मणक्याला हात लावत नाहीत. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूळपेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त परत शरीरात येतं. चार-सहा तास लागतात. त्या दिवसांत अंग दुखतं, डोकं दुखतं, हे लपवू नये. क्वचित कमरेच्या हाडातून मज्जा घेतात, तीही भूल देऊन.

उलट आजारी मुलाचं पाहा. पेशी चढवण्याआधी जबर औषधांनी त्याची स्वतःची मज्जा संपवलेली असते. त्या आठवड्यात दात्यानं माघार घेतली, तर त्याच्याजवळ स्वतःचंही काही उरलेलं नसतं.

म्हणून तालमी-मंडळांना माझं सांगणं आहे. रक्तदानात 'आमच्या इतक्या बाटल्या' अशी ईर्षा तुम्ही लावता, ती तिथं शोभते. इथं दोनशे बोळे गोळा करण्यापेक्षा दहा पक्की पोरं उभी करा. सही करण्याआधी घरच्यांना बोलावून घ्या, आईला, आजीला, लग्न झालं असेल तर बायकोला. त्यांच्यासमोर डॉक्टरांना सगळं विचारू द्या. मनात शंका असेल तर त्याच दिवशी नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही.

अठरा पूर्ण झालेल्या निरोगी माणसाला नाव नोंदवता येतं. तुमची जुळणी झाल्याचा फोन कदाचित कधीच येणार नाही, आला तर कैक वर्षांनी येईल. तोवर नंबर बदललात, गाव बदललंत, तर नोंदणीवाल्यांना तेवढं कळवा. नमस्कार.